गांधीजींचे प्रिटोरियातील वाचन



आजचा विषय थोडा नाजूक आहे. परधर्माचे पुस्तक वाचावे की नाही, आणि वाचायचे तर ते कसे वाचावे, हा तो विषय. बाजाराच्या दिवशी, जत्रेत, रेल्वेच्या फलाटावर कोणी एखादी लहानशी पुस्तिका आपल्या हाती देतो. तीत येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान असते. किंवा दारू-तंबाखू सोडा, उघड्या हवेत फिरा, अमुक खा, अमुक खाऊ नका, असा आरोग्याचा उपदेश असतो. क्वचित इतर धर्मांत काय उणे आहे, याची यादीही असते. घेणारा पुस्तिका घेतो. पुढे काय करतो? कोणी न वाचताच ती चुलीत घालतो. कोणी चार पाने वाचून चेष्टा करतो. एखादा मात्र ती पुरी वाचतो, मनातून अस्वस्थ होतो, आणि कोणापाशी बोलत नाही. शाळेच्या कपाटात असे पुस्तक सापडले तर गुरुजींचीही पंचाईत होते. मुलांच्या हाती द्यावे, की वरच्या फळीवर ठेवून द्यावे?

या प्रश्नावर मी व्याख्यान झोडणार नाही. एका माणसाची हकीकत सांगतो. या माणसाला ख्रिस्ती मित्रांनी पुस्तके दिली, तीही एकदोन नव्हे, चांगली गठ्ठ्याने. धर्मग्रंथावरची दिली, आणि त्यातूनच पुढे इतर धर्मांवरची व आरोग्याचीही पुस्तके त्याच्या हाती आली. त्याने ती सगळी वाचली. तो ख्रिस्ती झाला नाही. पण वाचण्यापूर्वी जसा होता तसाही राहिला नाही. हा माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्याने आपल्या आत्मकथेत हे सगळे स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि तेही आडपडदा न ठेवता.

मोहनदासाचा जन्म १८६९ सालचा, पोरबंदरचा. बालपण गेले राजकोटात. वडील दिवाण. त्यांच्याकडे जैन मुनी येत, मुसलमान आणि पारशी स्नेही येत, आपापल्या धर्माच्या गोष्टी बोलत. वडील आजारी, मुलगा उशापायथ्याशी सेवेला. त्यामुळे हे सारे त्याच्या कानांवर पडे. सर्व धर्मांविषयी आदर बाळगावा, हे अशा रीतीने घरातच रुजले. एक अपवाद मात्र राहिला, तो ख्रिस्ती धर्माचा. का? तर त्याच्या हायस्कुलाजवळच्या कोपऱ्यावर मिशनरी उभे राहत आणि हिंदूंच्या देवदेवतांची निंदा करीत. मोहनदास एकदाच तेथे उभा राहिला असेल. पुन्हा म्हणून थांबला नाही. त्यातच बातमी आली की, गावातला एक नामांकित हिंदू बाटला. आणि बाटताना त्याला गोमांस खावे लागले, दारू प्यावी लागली, कपडेसुद्धा बदलावे लागले. मुलाने मनाशी ठरवून टाकले की, जो धर्म असे करायला लावतो तो कसला धर्म!

पाहा हं, येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. त्या मुलाने तोवर ख्रिस्ती धर्माचे एक पानही वाचलेले नव्हते. त्याचे मत बनले ते कोपऱ्यावरच्या शिव्यांवरून आणि गावातल्या वावड्यांवरून. आपलीही इतरांविषयीची पुष्कळ मते अशीच बनतात. आणि दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवून आपला देव कोणाच्या गळी उतरत नाही, हाही धडा त्यातच आहे.

१८८८ साली मोहनदास बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला निघाला. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही, अशी शपथ आईपुढे घेऊन निघाला. समुद्र ओलांडतो म्हणून जातीने त्याला वाळीत टाकले. लंडनात शपथेमुळे खाण्याचे हाल. मित्र म्हणत, मांस खा. याला ते खायचे नव्हते. पण खरे सांगायचे तर, मांस खाणे वाईट असे त्यालाही तेव्हा वाटत नव्हते. तो पाळीत होता ती आईला दिलेली शपथ. भटकता भटकता एके दिवशी फॅरिंग्डन रस्त्यावर त्याला शाकाहारी खाणावळ सापडली. दाराशीच काचेच्या कपाटात पुस्तके विकायला ठेवलेली. त्यांत सॉल्ट नावाच्या लेखकाचे शाकाहाराच्या बाजूने लिहिलेले एक लहान पुस्तक होते. त्याने ते एक शिलिंगाला विकत घेतले, मग पोटभर जेवला, आणि मग ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले. गांधीजी म्हणतात की, त्या दिवसापासून आपण शपथेने नव्हे, तर विचाराने शाकाहारी झालो. घरून आणलेला आचार परक्या मुलखात परक्याच्या पुस्तकाने पक्का केला, अशी ही मौज आहे.

पुढे त्याने आहारावरची मिळतील ती पुस्तके वाचली. हॉवर्ड विल्यम्सचे वाचले, डॉक्टर अ‍ॅलिन्सनचे वाचले, आणि डॉक्टर अ‍ॅना किंग्सफर्ड या बाईंचे ‘द परफेक्ट वे इन डाएट’ वाचले. या बाईंचे नाव लक्षात ठेवा. त्या पुन्हा भेटणार आहेत. पॅरिसला जाऊन १८८० साली त्या डॉक्टर झाल्या होत्या. मांसाहारावाचून माणूस सुदृढ राहतो, हा त्यांचा सिद्धान्त. गांधी लंडनात पोहोचण्यापूर्वीच, १८८८ च्या आरंभी, त्या वारल्या होत्या.

अशाच एका शाकाहारी बिऱ्हाडात त्याला मँचेस्टरचा एक सद्गृहस्थ भेटला. हा ख्रिस्ती. मोहनदासाने त्याला राजकोटच्या कोपऱ्यावरची कहाणी सांगितली. त्या भल्या माणसाला वाईट वाटले. त्याचे म्हणणे असे की, मी स्वतः मांस खात नाही, दारू पीत नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोक खातात-पितात हे खरे, पण तसे करा असे धर्मग्रंथ सांगत नाही. तेव्हा तुम्ही बायबल एकदा वाचून पाहाच. मोहनदासाने त्याच्याचकडून नकाशे आणि सूची असलेली एक प्रत विकत घेतली व वाचायला बसला. उत्पत्तीचे पुस्तक वाचले. पुढचे अध्याय वाचताना झोप येऊ लागली. केवळ ‘मी वाचले आहे’ असे म्हणता यावे म्हणून नेटाने रेटले. ‘गणना’ नावाचा भाग तर मुळीच आवडला नाही. पण नव्या करारापाशी आला आणि येशूचे डोंगरावरील प्रवचन थेट काळजाला भिडले. वाइटाचा सूड वाइटाने घेऊ नये, ही शिकवण त्याने गीतेशी ताडून पाहिली. लहानपणी शिकलेली शामळ भट्ट या गुजराती कवीची कविताही आठवली. तीतही अपकाराची फेड उपकाराने करा, असेच सांगितले होते. परक्या विहिरीचे पाणी पिताना घरच्या विहिरीची चव ओळखीची लागावी, तसे काहीसे झाले.

आणि घरची गीता तरी त्याने केव्हा वाचली म्हणता? त्याच सुमारास, लंडनातच! दोघा थिऑसफिस्ट बंधूंनी त्याला एडविन आर्नल्डचा इंग्रजी अनुवाद दाखवून, आपण मिळून वाचू या, असे म्हटले. गांधीजींना तेव्हा ओशाळे वाटले; कारण त्यांनी गीता संस्कृतातही वाचली नव्हती आणि गुजरातीतही नव्हती. परधर्माचे पुस्तक वाचल्याने माणूस आपल्या धर्मापासून दूर जातो, असे आपण म्हणतो. येथे परक्यांनी विचारले म्हणून हा गडी आपल्या घरी परतला.

आता प्रिटोरियाकडे वळू. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी आले, मुंबईत वकिली चालेना, आणि १८९३ साली दादा अब्दुल्ला या मुसलमान व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वाटेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवले, ती गोष्ट शाळेतले प्रत्येक मूल जाणते. पण त्या प्रवासाच्या शेवटी प्रिटोरियात काय झाले, ते फारसे सांगितले जात नाही. तेथे दाव्याचे काम पाहणारे ए. डब्ल्यू. बेकर नावाचे वकील होते. वकिलीबरोबर ते धर्मोपदेशही करीत; स्वतःच्या खर्चाने त्यांनी एक प्रार्थनामंदिर बांधले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, तुमचा धर्म कोणता आणि त्याविषयी तुमचे मत काय? तेवीस वर्षांच्या तरुणाने सरळ सांगितले की, मी जन्माने हिंदू आहे, पण हिंदू धर्माचे मला फारसे ज्ञान नाही, आणि इतर धर्मांचे तर त्याहून कमी. अभ्यास करण्याची इच्छा मात्र आहे.

बेकरांनी त्यांना रोज दुपारी एक वाजता होणाऱ्या प्रार्थनेला बोलावले. प्रार्थना पाचेक मिनिटांची. मंडळी गुडघे टेकून प्रार्थना करीत. या नव्या बंधूला प्रकाश दाखव, असेही देवाला विनवीत. तेथे हॅरिस आणि गॅब नावाच्या दोन प्रौढ बाया आणि कोट्स नावाचा एक मनमोकळा तरुण क्वेकर भेटला. दर रविवारी चार वाजता या बायांकडे चहा ठरलेला. आठवडाभरात धर्माविषयी काय वाचले, काय वाटले, याची टाचणे गांधीजी कोट्सला दाखवीत, आणि दोघांची चर्चा चाले. पुस्तके पुरवण्याचे काम कोट्सचे. एक संपले की दुसरे, दुसरे संपले की तिसरे. कपाट भरत आले.

ही पुस्तके कशी होती? त्यांत लंडनच्या सिटी टेंपलच्या डॉक्टर पार्करांचे भाष्य होते. पिअर्सन यांचे ‘मेनी इन्फॉलिबल प्रूफ्स’ होते, म्हणजे बायबल खरे असल्याचे बिनतोड पुरावे. आणि बिशप बटलर यांचे ‘अ‍ॅनॅलॉजी’ होते. गांधीजींनी तिन्ही वाचली आणि तिन्हींना वेगवेगळा न्याय दिला. पार्करांचे लिखाण नीतीला पोषक वाटले. पण ज्याची त्या मतांवर मुळात श्रद्धा नाही त्याच्या उपयोगाचे नाही, असे दिसले. पुराव्यांच्या पुस्तकाचा परिणाम झालाच नाही. बटलरचा ग्रंथ मात्र खोल आणि अवघड वाटला. नीट कळायला चार-पाच वेळा वाचावा लागेल, अशी कबुली त्यांनी दिली. मित्राने दिले म्हणून सगळे गोड मानले नाही, आणि परधर्मीयाने दिले म्हणून सगळे कडूही मानले नाही.

मग एके दिवशी माळेचा प्रसंग घडला. आपल्यापैकी कित्येकांच्या गळ्यात पंढरीची तुळशीची माळ असेल. गांधीजींच्या गळ्यातही वैष्णवांची तुळशीची कंठी होती, आईने घातलेली. कोट्सच्या ती नजरेस पडली. त्याला वाटले, इतका शिकलेला माणूस आणि ही अंधश्रद्धा! ये, मी ही तोडून टाकतो, असे तो म्हणाला. गांधीजींनी त्याला हात लावू दिला नाही. मग कोट्सने विचारले, तुझा हिच्यावर विश्वास तरी आहे का? आता येथे दोन सोपी उत्तरे होती. ‘हो, ही माळ मला तारील’ हे एक. ‘नाही, तोड’ हे दुसरे. गांधीजींनी दोन्ही दिली नाहीत. त्यांनी सांगितले ते असे की, हिच्यातले गूढ मला माहीत नाही, ही नसली म्हणून माझे वाईट होईल असेही मला वाटत नाही. पण आईने मायेने घातलेली माळ सबळ कारणाशिवाय मी तोडणार नाही. काळाने झिजून ती आपोआप तुटली तर नवी घालण्याचा हट्टही धरणार नाही.

मला वाटते, त्यांच्या साऱ्या वाचनाची किल्ली या उत्तरात आहे. दुसऱ्याने सांगितले म्हणून आपले मोडायचे नाही. आपले आहे एवढ्यासाठी त्याला चिकटूनही बसायचे नाही. सबळ कारण मिळेपर्यंत थांबायचे, आणि ते मिळवण्यासाठी वाचीत राहायचे. कोट्सला हे उत्तर पटले नाही. पण मैत्री तुटली नाही, पुस्तके येतच राहिली.

प्लिमथ बंधू नावाच्या पंथातला एकजण त्यांना भेटला. त्याचे म्हणणे असे की, माणसाच्या हातून पाप होणारच. आपण ते किती धूत बसणार? येशूने सगळ्यांच्या पापाचा भार उचलला आहे, त्याच्यावर भरवसा ठेवा म्हणजे सुटलात. गांधीजी म्हणाले, मला पापाच्या शिक्षेतून सुटका नको. मला पापातून, किंबहुना पापाच्या विचारातूनच सुटका हवी आहे. त्या गृहस्थाने पुढे जाणूनबुजून गैर वागून, त्याची आपल्याला खंत नाही, असेही दाखवले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाहा, हे असले हे ख्रिस्ती! गांधीजींनी तसे म्हटले नाही. कारण कोट्स आणि ती मंडळी पापभीरू आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. एकाच्या वागण्यावरून सगळ्या धर्माची किंमत ठरवायची नाही, हे राजकोटच्या कोपऱ्यावर न सुचलेले शहाणपण आता आले होते.

बेकर त्यांना वेलिंग्टन येथील ख्रिस्ती मेळाव्यालाही घेऊन गेले. काळ्या माणसाला सोबत घेतल्यामुळे वाटेत हॉटेलांत बेकरांनाच अडचणी सोसाव्या लागल्या, त्या त्यांनी निमूट सोसल्या. मेळावा तीन दिवसांचा. तेथल्या लोकांची भक्ती पाहून गांधीजींना आनंद झाला. पण ख्रिस्ती झाल्यावाचून मोक्ष नाही, किंवा येशू हाच काय तो देवाचा एकुलता एक अवतारी पुत्र, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी ते मित्रांना स्वच्छ सांगितले. मित्रांना दुःख झाले. इलाज नव्हता.

आता नीट ऐका. ख्रिस्ती धर्म पटला नाही म्हणून हिंदू धर्म निर्दोष ठरला, असे झाले का? नाही. परक्याच्या ग्रंथाला जे प्रश्न विचारले तेच त्यांना स्वतःच्या घरालाही विचारावे लागले. अस्पृश्यता हा जर धर्माचा भाग असेल तर तो सडका भाग आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. इतके पंथ आणि इतक्या जाती कशासाठी? वेद ईश्वरप्रणीत, तर बायबल आणि कुराण का नव्हेत? इकडे अब्दुल्ला शेठ इस्लामचा अभ्यास करा म्हणून मागे लागलेले. तेव्हा या माणसाने काय केले? पत्रे लिहिली. मुंबईला रायचंदभाईंना लिहिले. हे जवाहिराचा व्यापार करणारे, कवी आणि ज्ञानी जैन गृहस्थ. त्यांनी १८९४ साली सविस्तर उत्तर पाठवून धीर धरायला सांगितले, हिंदू धर्माचा खोल अभ्यास करायला सांगितले; आणि ग्रंथही पाठवले. त्यांत हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ होता. या जैन आचार्याने शेकडो वर्षांपूर्वी निरनिराळ्या दर्शनांची मते एका ग्रंथात नीट मांडून ठेवली आहेत. दुसऱ्याचे मत समजून घेण्याची चाल या देशात नवी नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. गांधीजींनी सेल यांचे कुराणाचे इंग्रजी भाषांतर विकत घेतले. मॅक्समुल्लर वाचले, उपनिषदे वाचली, पैगंबरांचे चरित्र वाचले.

आणि इंग्लंडला एडवर्ड मेटलँड यांना पत्र लिहिले. हे मेटलँड म्हणजे अ‍ॅना किंग्सफर्डबाईंचे सहकारी. लंडनात ज्यांचे आहाराचे पुस्तक वाचले त्याच बाईंनी मेटलँडबरोबर ‘द परफेक्ट वे’ नावाचा दुसरा ग्रंथ लिहिला होता, तो ख्रिस्ताविषयी. दोन्ही पुस्तकांच्या नावात ‘उत्तम मार्ग’ हेच शब्द. एक जेवणाचा, एक आत्म्याचा. हा ग्रंथ रूढ ख्रिस्ती मताविरुद्ध जाणारा होता. इतर धर्मांतही तेच सत्य आहे, असे तो सांगे. गांधीजींना तो इतका भावला की १८९४ च्या अखेरीस त्यांनी नाताळच्या एका वृत्तपत्रात या पुस्तकांविषयी पत्र लिहिले आणि खाली सही करताना त्या ख्रिस्ती संघाचे व लंडनच्या शाकाहारी मंडळाचे प्रतिनिधी म्हणून आपले नाव घातले! एक हिंदू बॅरिस्टर, मुसलमान व्यापाऱ्याच्या कामासाठी आलेला, आणि गोऱ्या ख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताविषयीची पुस्तके विकतो आहे! इतिहासात अशी चित्रे विरळा.

त्याच सुमारास टॉलस्टॉयचे ‘देवाचे राज्य तुमच्यातच आहे’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक हाती आले. हे पुस्तक रशियात छापायला सरकारची बंदी होती. डोंगरावरील प्रवचन खरे मानायचे तर सैन्य, युद्ध, जुलूम यांना ख्रिस्ती माणूस हातभार लावूच शकत नाही, असे त्यात रोखठोक मांडले आहे. गांधीजी म्हणतात, या पुस्तकाने मी भारून गेलो. कोट्सची सगळी पुस्तके त्यापुढे फिकी पडली. पुढे १९१० साली जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी वसाहत वसवली, तिला त्यांनी टॉलस्टॉयचेच नाव दिले. ख्रिस्ती पुस्तकांनी त्यांना ख्रिस्ती केले नाही. पण सत्याग्रहाला जे खतपाणी मिळाले, त्यात या वाचनाचा वाटा मोठा आहे.

आता आरोग्याच्या पुस्तकांकडे येऊ. येथे तर पुस्तक वाचून थांबता येत नाही. प्रयोग देहावरच व्हायचा. जर्मनीतले कूने आणि आडोल्फ जूस्ट यांची निसर्गोपचाराची पुस्तके गांधीजींनी जोहान्सबर्गात वाचली. जूस्टचे पुस्तक नुसते वैद्यकाचे नव्हे. निसर्गाकडे परत चला म्हणजे गमावलेला स्वर्ग पुन्हा मिळेल, असा त्यात धर्माचा सूर आहे. त्यातला ओल्या मातीच्या पट्टीचा उपाय त्यांनी बद्धकोष्ठावर स्वतःवर केला आणि गुण आला. १९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग उसळला. तेवीस रोगी. गांधीजी आणि त्यांचे सोबती रात्रंदिवस शुश्रूषेला उभे राहिले. डॉक्टरांच्या परवानगीने तिघांवर त्यांनी मातीचा प्रयोग केला. त्यांतले दोघे वाचले, बाकीचे दगावले, शुश्रूषा करणारी गोरी परिचारिकाही गेली. यावरून माती हे प्लेगचे औषध ठरते का? मुळीच नाही. दोन रोग्यांवरून काही सिद्ध होत नाही. प्लेगवर आज प्रतिजैविक औषधे आहेत आणि ती वेळेवर मिळाली तरच जीव वाचतो. खुद्द गांधीजींनीही आपण हे पुरावा म्हणून सांगत नाही, असेच म्हटले आहे.

पुढे १९१३ च्या सुमारास त्यांनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तिचे पुस्तक झाले आणि ते त्यांच्या इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त खपले. त्यात दूध घेऊ नये असे प्रतिपादन होते; १९१२ साली त्यांनी स्वतः दूध सोडले होते. पण १९१८ साली आवेने अंथरूण धरले, शरीर पार खंगले. डॉक्टर म्हणाले, दुधावाचून गत नाही. कस्तुरबांनी तोड काढली की, शपथ घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचे दूध का चालू नये? गांधीजींनी ते घेतले. शपथेचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही बोच त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. आत्मकथेत त्यांनी वाचकांना मुद्दाम सावध केले की, माझ्या त्या पुस्तकावर भिस्त ठेवून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, फायदा दिसत नसेल किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला नसेल तर, हट्ट धरू नये. आपल्याच खपाऊ पुस्तकाविरुद्ध लेखकाने असा इशारा द्यावा, हे किती ठिकाणी पाहायला मिळते?

याच माणसाने १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कडक टीका केली होती. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असता त्यांच्या पोटात आंत्रपुच्छाचा विकार बळावला. पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. गांधीजी वाचले. निसर्गोपचारावरची श्रद्धा त्यांनी त्यानंतरही सोडली नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात नजरकैदेत असताना ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली, आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळच उरुळीकांचनला खेड्यातल्या गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला. पण चाकू लागला तेव्हा चाकूही नाकारला नाही. येथेही माळेचाच न्याय, पाहा. सबळ कारण दिसले तेथे हट्ट सोडला, आणि ते दिसले नाही तेथे आपले धरून ठेवले.

आता शेवटी शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट. १९२६ साली अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी गांधीजींना आठवड्यातून एक तास मागितला. काय वाचू या, असे विचारता बहुसंख्य मुलांनी नवा करार निवडला. लगेच गहजब झाला! राष्ट्रीय शाळेत बायबल? गीता का नाही, कुराण का नाही? हा माणूस आतून ख्रिस्ती तर नव्हे? त्या वर्षी सप्टेंबरात ‘यंग इंडिया’त गांधीजींनी त्याला उत्तर दिले. त्याचा सारांश असा की, मुलांनी मागितले ते मी दिले. गीता आणि रामायण मुले वाचतातच. आणि जगातल्या धर्मग्रंथांचे सहानुभूतीने वाचन करणे हे प्रत्येक सुसंस्कृत माणसाचे कर्तव्य आहे. आपल्या धर्माचा आपण आदर मागतो, तर दुसऱ्याच्या धर्माचा आदर करायला आधी तो समजला पाहिजे.

कोणी विचारील, एवढे वाचून एखादा खरोखर धर्म बदलील त्याचे काय? बदलतात, बदलले आहेत. आपल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने बायबल दिले. तेही डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडखळले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेच पुस्तक, तोच भाग, तोच काळ. एक आपल्या घरी राहिला, एक घर सोडून गेला. त्यापायी लक्ष्मीबाईंनी काय सोसले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणारे जाणतात. म्हणून पुस्तक ही खेळण्याची वस्तू आहे, असे मी म्हणणार नाही. पण दोघांनीही ते पुस्तक पुरे वाचले होते, आणि दोघांनीही आपला निर्णय आपल्या मनाने केला होता. न वाचता जळणारे आणि न वाचता भाळणारे, या दोघांपेक्षा हे दोघे मला सारखेच मोठे वाटतात.

तेव्हा गुरुजी, ते पुस्तक वरच्या फळीवर ठेवू नका. खाली काढा, आधी स्वतः वाचा. मोठ्या मुलाने मागितले तर द्या, आणि मँचेस्टरच्या त्या गृहस्थासारखे त्याच्याशी बोला; राजकोटच्या कोपऱ्यावर उभ्या असणाऱ्यांसारखे बोलू नका. शेजारी गीता, कुराण, ज्ञानेश्वरी, धम्मपद ठेवा. आरोग्याचे पुस्तक असेल तर त्यातली स्वच्छतेची, व्यायामाची, व्यसनमुक्तीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. औषधाची गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारायला सांगा. आणि मुलाच्या गळ्यात आईने घातलेली माळ असेल तर ती तोडू नका, कोणाला तोडू देऊ नका; तो वाचील, विचार करील, आणि काय ते त्याचे तो ठरवील.